लवंगीचा गळा

८ फेब्रुवारी

वन्सं,

लवंगी तुम्हाला वन्सं म्हणते, म्हणून मीही म्हणते. आपली भेट तिच्या लग्नात झाली तेवढीच, पण तिच्या तोंडून इतकं ऐकलंय की परकं वाटत नाही. तुमचं कार्ड आलं तेव्हा मी दुकानात पडदा बेतत होते. ‘अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, समजतं मात्र सगळं’ एवढं वाचलं आणि हातातली कात्री आपली चालतच राहिली. गिऱ्हाइकाचा पडदा वीतभर आखूड झाला. बसू दे त्याला उघड्या खिडकीत.

मी त्याच दिवशी निघणार होते. पण तुम्ही लिहिलंत की भेटायला कोणी आलं की तिची तब्येत बिघडते, डॉक्टरांनी बंदी केली आहे, इतक्यात येऊ नका. बरं, नाही येत. तुम्ही उभी हयात दवाखान्यात मेट्रन म्हणून काढलीत, तिला तुमच्याहून चांगले हात कुठे मिळणार? त्या एका गोष्टीनं माझा जीव भांड्यात पडला.

आता कामाचं. इथल्या एका डॉक्टरच्या दवाखान्याचे पडदे मी शिवते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, बोलणं आणि गाणं मेंदूत एका खोलीत राहत नाहीत. बोलण्याच्या खोलीला कुलूप लागलं तरी कधीकधी गाण्याची उघडी असते. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही तो माणूस अख्खं गाणं म्हणून दाखवतो! मग आपल्या लवंगीला काय अवघड आहे? ती तर बोलायच्या आधी गायला शिकली असणार.

म्हणून ही कॅसेट. आवाज माझा आहे, म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे, पण तिला ओळखीचा. पहिलं गाणं बिस्किटांच्या कारखान्यातलं. आम्ही दोघी पॅकिंगला समोरासमोर बसायचो. मुकादम फिरायला आला की ही मान खाली घालून सुरू करायची आणि अख्खी रांग धरायची:

मुकादम आला, चष्मा पुसला,
रांगेत बघून उगाच हसला;
डबा भरा गं, डबा भरा,
तुटकं बिस्कीट खिशात धरा!

तिनंच रचलेलं. मुकादम बिचारा ठेक्यावर पाय आपटायचा, त्याला वाटायचं कामाचा हुरूप आहे. हसू आवरताना माझा डबा सांडायचा आणि बोलणी मी खायची. नाव लवंगी उगाच नाही पडलं. एवढीशी, पण ठसका लागला की पुरे.

तिला ऐकवा आणि काय होतं ते कळवा.

तुमची,
ढब्बू (हे नावही तिनंच ठेवलेलं. आता तर शोभतंच.)


१७ फेब्रुवारी

ढब्बूताई,

कॅसेट मिळाली. सकाळी तिचं अंग पुसून, चादर बदलून, केस विंचरून झाल्यावर टेप तिच्या उशाजवळच्या स्टुलावर ठेवला आणि लावला. तिनं तुमचा आवाज लगेच ओळखला. डाव्या हातानं चादर घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी आलं. गाणं संपल्यावर मी पुन्हा लावलं.

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. दवाखान्यात मी असे रुग्ण पाहिले आहेत. मात्र नुसत्या गमतीच्या गाण्यांनी काम होत नाही. आतून हलवून सोडणारं गाणं लागतं. म्हणून एक विनंती. गाण्याबरोबर त्याची आठवणही सविस्तर लिहा. मी तिला वाचून दाखवीन. आणि तिला जे ऐकवत नाही, जे लागलं की ती उठून जाते, असं एखादं असेल तर ते आधी पाठवा.

मला ही सगळी नवलाई आहे. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा. त्याच्या खोलीचा झरोका तुमच्या पॅकिंगच्या खोलीकडे होता. पडद्यावरची गाणी सोडून तो तिचं ऐकत बसायचा. तो बाईशी नाही, गळ्याशी लग्न करून आला होता. पण आमच्या घरात ती एकदाही गायली नाही. ‘गळा गेला’ म्हणाली. धाकट्यानं औषधं आणली, काढे आणले, मग नाद सोडला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्यामुळे तिचं गाणं म्हणजे काय, हे मला तुमच्याकडूनच कळायचं.

वन्सं


२५ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी दुकानात नाचले. जावयाला वाटलं सासूबाईंच्या अंगावर पाल पडली. डोळ्यांतून पाणी आलं म्हणजे आत काहीतरी हललं! असंच चालू द्या.

गळा गेला असं ती तिकडे का म्हणाली, ते तिचं तिला ठाऊक. मी कशाला तोंड घालू? पण गळा काही गेला नव्हता, एवढं आता सांगायला हरकत नाही.

तुम्ही म्हणालात तसं गाणं आहे एक. पाठवू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. माझ्या मुलीच्या वेळी लवंगी बाळंतपणाला माझ्याकडे येऊन राहिली होती, आठवतंय? तेव्हा तिला स्वतःला मूल होणार नाही हे नुकतंच कळलेलं. मला म्हणाली, “पोर तुझं, गाणं माझं. वाटणी झाली.” आणि माझ्या पोरीला मांडीवर घेऊन म्हणायची:

पाखरा, खिडकी उघडी ठेवली,
वाऱ्यानं येऊन वात विझवली;
अंधार झाला तरी भिऊ नको,
माझ्या मांडीवाचून निजू नको.

एक दिवस पोर माझ्याकडे होती आणि गाणं मात्र आतल्या खोलीतून ऐकू येत होतं. जाऊन बघते तर ही एकटी. मांडीवर उशी. मला पाहिलं आणि उशी अशी भिरकावली! “हे कोणाला सांगितलंस तर जीभ कापीन,” म्हणाली. मी कोणालाच सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही घरच्या, आणि तिच्या बऱ्यासाठी विचारताय. त्यानंतर हे गाणं कुठेही लागलं की ती तिथून निघून जायची. माझ्या मुलीला मूल झालं तेव्हाही तिनं ते म्हटलं नाही.

या कॅसेटवर तेच आहे. जपून लावा हं. आणि माझ्या वतीनं तिच्या गालावरून हात फिरवा.

ढब्बू


१२ मार्च

ढब्बूताई,

तुम्ही पाठवलेलं गाणं फार उपयोगी पडलं. आठवण मी तिला जशीच्या तशी वाचून दाखवली, उशीचीसुद्धा. इतके दिवस कशानंच हलली नव्हती इतकी ती हलली. मान वळवून घ्यायचा प्रयत्न करत होती. मान तिला फारशी वळवता येत नाही. आता रोज दोन्ही जेवणांच्या आधी लावते.

प्रकृती म्हणाल तर उत्तम. पाठीला एक फोड नाही. वजन टिकून आहे. घास गिळायला कधीकधी नकार देते, पण असे हट्टी रुग्ण मी पुष्कळ भरवले आहेत.

एक विचारते. ती तुमच्याकडे येऊन राहायची तेव्हा नेहमी गायची का? धाकटा गेल्यावर ती आठ-दहा दिवस तुमच्याकडे येऊन राहिली होती, तेव्हाही गायली का? काय गायली? मोकळेपणानं लिहा. सगळंच तिच्या कामी येईल.

वन्सं


२० मार्च

वन्सं,

तुमचे उपकार कसे फेडू? नणंद असावी तर अशी, असं मी इथे शेजारणींना सांगत सुटलेय.

विचारलंत म्हणून लिहिते, आणि मला वाटतं हे तुम्हाला कळायला हवंच होतं. म्हणजे तुमच्या मनात काही अढी असेल तर निघून जाईल. हो, माझ्याकडे आली की ती गायची. पायरीवर चप्पल निघायच्या आत सूर लागायचा. मी कापायची, ती गायची. गिऱ्हाइकं उगाच पडद्याचा भाव विचारत थांबायची.

आणि तुमचा भाऊ गेल्यावर आली तेव्हा तर बांध फुटला. पहिले दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी उठली, कापड बेतायच्या टेबलाशी बसली आणि हे म्हणायला लागली. कुठे ऐकलेलं नव्हतं, तिथेच बसून रचलं:

दार ओढून जाऊ नको रे,
शब्द ओठाशी आला आहे;
उशीर झाला, कबूल मला,
जीव उंबऱ्यात अडला आहे.

वन्सं, दिवसभर हेच. पाणी प्यायला थांबायची, की पुन्हा सुरू. मशीनवरच्या दोघी बायका काम टाकून रडत बसल्या. शेवटी गळा बसला तेव्हा थांबली. मला म्हणाली, “त्यांना ऐकू गेलं असेल का गं?” मी म्हटलं, गेलं असणार. दुसरं काय म्हणणार?

तर तिचं त्यांच्यावर किती प्रेम होतं ते बघा. हे गाणं मी कॅसेटवर भरलंय, पण मला ते नीट म्हणता येत नाही. मध्ये दोनदा रडू आलंय, तेवढं सांभाळून घ्या.

ढब्बू


६ एप्रिल

ढब्बूबाई,

कॅसेट लावली. तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, आता मीही लिहिते.

धाकटा शेवटचे पंधरा दिवस अंथरुणाला होता. त्याला शेवटपर्यंत शुद्ध होती. शेवटच्या दुपारी त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, “एक ओळ म्हण. कुठलीही.” मी पायथ्याशी उभी होते. ती त्याच्याकडे बघत राहिली, ओठ आवळून. तो थोडा वेळ वाट पाहत होता. मग त्यानंच तिचा हात थोपटला, जसं काही चूक त्याचीच होती, आणि डोळे मिटले. नंतर उघडले नाहीत.

मला वाटत होतं, गळा गेलेला आहे बिचारीचा. दोन वर्षं मी तिला त्यासाठी दोष दिला नाही. तुमची पहिली कॅसेट ऐकून ती रडली आणि मला शंका आली. दुसरीबरोबर तुम्हीच लिहिलंत, गळा गेला नव्हता, आणि खात्री झाली. जिवंत माणसाला एक ओळ नाही, आणि तो गेल्यावर गिऱ्हाइकांसमोर दिवसभर.

तुम्हाला वाटत होतं, मी तिच्यावर उपचार करते आहे. नाही. तुम्ही आठवणी लिहून पाठवत होतात आणि मी त्या तिला वाचून दाखवत होते, तिच्या कानाजवळ, सावकाश, तिला मान वळवता येत नाही अशा बाजूनं. उशीची आठवण मी रोज वाचते. ती मला आता पाठ झाली आहे. पाळण्याचं गाणं लावते आणि घास तोंडाशी धरते. रडताना गिळलं तर ठसका लागतो, म्हणून तिला रडं आवरावं लागतं. ते ती आता शिकली आहे. शेवटची ओळ यायच्या आधी मी टेप थांबवते आणि म्हणते, “पुढचं तू म्हण.” ती म्हणत नाही.

तिला म्हणता येतं. गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात होते, तेव्हा आतून “पाखरा” असा स्वच्छ शब्द आला. सुरात. मी दारात गेले. तिनं मला पाहिलं आणि तोंड मिटलं. म्हणजे आजही तेच चाललं आहे.

डॉक्टरांनी भेटायला बंदी केलेली नव्हती. ती मी केली.

तुम्हाला तिची काळजी वाटत असेल तर सांगते, येऊन बघून जा. अंगावर नखाचा ओरखडा सापडणार नाही.

वन्सं


१० एप्रिल

वन्सं,

हे मी टेम्पोत लिहिते आहे. जावई चालवतोय, अक्षर हलतंय. तुमच्या तोंडावर बोलायला गेले तर माझ्या हातून काहीतरी भलतंच होईल, म्हणून हे तुमच्या टेबलावर ठेवून लवंगीला घेऊन जाणार आहे. आडव्या याल तर टेम्पोत पडदे आहेत, दांडे आहेत आणि माझा जावई अंगानं दांडगा आहे.

गळा गेला असं ती का म्हणाली, हे मी आजवर झाकून ठेवलं. तुमची अब्रू म्हणून. कशाची अब्रू! ऐका.

लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती गात होती. तुम्ही ड्यूटीवरून आलात. वर गेलात, आणि तिला म्हणालात, “गाणारणी आमच्या घरात नसतात. धाकट्याला आईच्या माघारी मी वाढवलाय, तो तमाशातली बाई घरात आणायला नाही. पुन्हा आवाज आला तर मी हे घर सोडून जाईन, आणि का गेले ते त्याला तू सांग.” ती एकोणीस वर्षांची होती. नवऱ्याचा तुमच्यावर किती जीव, हे तिला दिसत होतं. तुम्ही गेलात तर तो मोडेल, म्हणून ती म्हणाली, गळा गेला. बहीण-भावात वितुष्ट नको, म्हणून. काढे प्यायली बिचारी! नसलेल्या रोगाचे कडू काढे तुमच्या डोळ्यांदेखत प्यायली.

आणि त्या शेवटच्या दुपारचं तिनं मला सांगितलंय. शब्द ओठापर्यंत आला होता. तिनं मान वर केली, तर पायथ्याशी तुम्ही उभ्या. आयुष्यभराची सवय, वन्सं. तोंड आपोआप मिटलं. ते गाणं त्याच दुपारचं आहे, अक्कल असती तर ऐकून कळलं असतं.

भाऊ तुमचा होता. त्याच्या कानांवर हात तुम्हीच ठेवलात.

ढब्बू


२ जुलै

ढब्बूबाई,

तुम्ही तिला घेऊन गेलात त्या दिवशी मी दार धरून उभी होते, आडवी आले नाही. तुमच्या जावयानं तिला नीट उचललं. एवढं मी पाहिलं.

घाईत तुम्ही औषधांचा डबा विसरलात. तो पार्सलनं पाठवला आहे. सकाळच्या गोळ्या दुधाबरोबर द्या, पाण्यानं तिला मळमळतं. उजवा हात उशीवर ठेवा, लोंबकळू देऊ नका, खांदा निखळतो.

तुम्ही लिहिलेलं मी बऱ्याच वेळा वाचलं. गच्चीवर मी असं बोलले, हे मला आठवत नाही. खोटं म्हणत नाही. बोलले असेन. वॉर्डातल्या पोरींना मी दिवसभर असंच काहीबाही बोलायची आणि घरी येईपर्यंत विसरून जायची. त्या पोरी कुठे आहेत, त्यांनी काय काय सोडून दिलं, मला माहीत नाही. हे बोलणं मात्र आठवावं म्हणून मी गच्चीवर जाऊन उभी राहिले. काही आठवलं नाही. नुसती दोरी आहे.

घरात आवाज नाही. मी टेप लावत नाही.

तिला बोलता येतं का? गाते का?

एक मागायचं आहे. मी तिचं गाणं ऐकलं ते म्हणजे तो एक शब्द. धाकट्यानं त्या झरोक्यातून काय ऐकलं होतं, ते मला एकदा ऐकायचं आहे. तिची कॅसेट करून पाठवाल का? एकच गाणं. तिची इच्छा असेल तरच.

वन्सं


२० जुलै

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. आता तुम्हाला सविस्तर, मोकळेपणानं लिहिते. तुम्हाला आवडतं ना तसं?

लवंगी गाते. इथे आली, आठवडाभर भिंतीकडे बघत पडली, आणि मग एका सकाळी पाळण्याच्या चालीवर “पाणी, पाणी” म्हणाली. मी तांब्या टाकून पळत आले. आता तिला जे हवं ते ती चालीवर मागते. दूध मुकादमाच्या चालीवर, खिडकी उघडायची असली की दुसऱ्या कुठल्या. माझं नावसुद्धा तिनं सुरात बसवलंय. डॉक्टर म्हणतात, अशीच गात राहिली तर वर्षभरात बोलायलाही लागेल. मशीनवरच्या बायका पुन्हा काम टाकून बसतात. अगदी पहिल्यासारखा नाही गळा, थोडा चिरलाय, पण वन्सं, तो चिरलेला गळा ऐकून माणूस जागचा हलत नाही. तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. हसायला म्हणून. ‘ऐक, तुझ्या वन्संना आता तुझं गाणं हवंय.’ ती हसली नाही. डाव्या हातानं टेपकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, वेडी आहेस का? तिनं पुन्हा दाखवलं. डोळे वटारले, तुम्हाला माहीत असतील ते डोळे. मी कॅसेट घातली, बटण दाबलं. तिनं तुमच्या भावाचं गाणं म्हटलं. सगळं, चारही ओळी, दोनदा. एकही शब्द अडला नाही. आणि शेवटी त्याच चालीवर म्हणाली, “वन्सं, ऐका. वन्सं, ऐका.” मग पाकिटाकडे बोट. तिच्यासमोर मला तुमचा पत्ता घालावा लागला.

कॅसेट तुमच्याकडे पाठवायला म्हणून मी घराबाहेर पडले आणि खाली दुकानात येऊन ती पुसली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिच्यावर आता रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या आहेत. दुसरी प्रत नाही.

काल पाकीट तिच्यापुढे धरलं आणि सांगितलं, “बघ तुझ्या वन्सं. ऐकलीसुद्धा नाही, तशीच परत पाठवली.”

तर असं आहे. तिनं तुम्हाला दिलं होतं. तुम्हाला ते मिळालं नाही आणि कधी मिळणार नाही. वाचा हे, रोज वाचा, सावकाश वाचा. पाठ होईपर्यंत वाचा.

ढब्बू


१० ऑगस्ट

वन्सं,

मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच ते पत्र होतं. तरी पुन्हा लिहिते आहे, कारण दुसरं कोणाला लिहू?

लवंगीनं गाणं बंद केलं. मी ते पाकीट दाखवलं, त्या दिवसापासून. मला वाटलं होतं चिडेल, तुम्हाला चार शिव्या घालेल, तिच्या परीनं. तिनं पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि मला परत दिलं. तेव्हापासून ओठ मिटलेले. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बघते. मी मुकादमाचं गाणं म्हटलं, पाळण्याचं म्हटलं, मांडीवर नात आणून बसवली. डोळ्यांतून पाणीसुद्धा नाही. डॉक्टर आले होते. म्हणाले, हे असंच राहिलं तर जे आलं होतं तेही जाईल, आणि मग पुन्हा यायचं नाही.

काल मी खरं सांगायला तिच्याजवळ बसले. ‘लवंगी, कॅसेट मी...’ एवढं म्हटलं. तिनं माझा हात हातात घेतला. वन्सं, या घरात तिला माझ्याशिवाय कोणी नाही. हे कळलं की तिला तेही राहणार नाही. मी उठले, पडद्याची मापं घ्यायचीत म्हणून सांगितलं आणि खाली येऊन बसले.

मी तुमच्या पाया पडते. मला काय म्हणायचं ते म्हणा. तिला चार ओळी लिहा. ‘कॅसेट चुकून परत गेली, पुन्हा मागवून ऐकली. छान गायलीस.’ एवढंच. तुमचं अक्षर ती ओळखते. तुम्ही लिहिलंत तर ती गाईल, मला माहीत आहे ती गाईल.

ढब्बू


१८ ऑगस्ट

ढब्बूबाई,

पत्र मिळालं.

तुम्हीच कळवलंत की कॅसेट पुसली आणि दुसरी प्रत नाही. मग मी काय ऐकलं म्हणून लिहू? मी ऐकलेलं नाही. उभ्या आयुष्यात मी रुग्णाला खोटं सांगितलं नाही. ‘दुखणार नाही’ असंही नाही. तुमच्यासाठी आता सुरुवात करणार नाही.

कॅसेटचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तिला सांगा. नंतर ती गायली की नाही, ते मला कळवू नका.

वन्सं